तुम्ही विचारलंत म्हणून: एका पायाळू वैमानिकाचं उत्तर

हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारतात, तेराव्याच्या मांडवात विचारतात, मानवत रोड स्टेशनवर गाडीची वाट बघत बाकड्यावर बसलो तरी विचारतात. "साहेब, विमानावर वीज पडली तर काय होतं?" मी नुसता हसलो की दुसरा प्रश्न लगेच येतो, "तुमच्यावर पडली का कधी?"

"दोनदा," मी सांगतो. पंगतीत हात थांबतात. वरण वाढणाराही भांडं हातात घेऊन उभा राहतो आणि माझा भात कोरडाच राहतो.

परक्या ठिकाणी विषय इथून पुढं विमानाकडं जातो. आमच्या गावात तो माझ्याकडं येतो. गाव पाथरी तालुक्यात, गोदावरीच्या काठाला. तिथं कुणीतरी म्हातारं माणूस मान हलवून म्हणतं, "पडनारच की. पायाळू हाय त्यो."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात तो पायाळू. माझं तसं झालं. पायाळू माणसाबद्दल आमच्याकडं तीन गोष्टी ठाम मानतात. त्याला जमिनीखालचं पाणी कळतं, त्यानं लाथ मारली की पाठीत भरलेली चमक जाते, आणि त्याच्यावर वीज पडते. पाण्याचं म्हणाल तर मी बोट दाखवलेल्या जागी वडिलांनी बोअर घेतलं आणि ते दोनशे फुटांपर्यंत कोरडं निघालं. तो विषय घरात परत निघाला नाही. लाथा मात्र मी पोटभर मारल्या. सकाळी उठून बाहेर यावं तर ओसरीवर कुणीतरी पालथं पडलेलंच असायचं. मी डोळे चोळत पाठीवर लाथ मारायचो, माणूस "हां, मोकळं झालं" म्हणत उठायचा आणि मूठभर शेंगा ठेवून जायचा. एकदा गणिताचे गुरुजी आले होते. माझ्या शाळेच्या दिवसांतली ती सगळ्यात आनंदाची सकाळ.

तिसरी गोष्ट आजीच्या ताब्यात होती. मृगाआधीचा वळीव असो की हस्ताचा पाऊस, आभाळ भरून आलं की ती मला घरात ओढायची, अंगणातला विळा, कुऱ्हाड, तवा उचलून लांब फेकायची आणि दार लावून घ्यायची. बाकीची पोरं चिखलात गारा वेचायची. मी आत कणगीला पाठ लावून त्यांचा ओरडा ऐकायचो.

नववीत होतो तेव्हाची गोष्ट. हस्त लागला होता. बैलं नदीकडच्या शेतात बांधलेली होती, ती आणायला शाळेतून आल्यावर मी जायचो. त्या दिवशी पश्चिमेकडून काळं वर चढलं आणि आजीनं मला उंबऱ्यावर अडवलं. "तू नगं. ईज चमकायली." माझ्याऐवजी सालगड्याचा पोरगा गेला. माझ्याच वयाचा, शाळेत माझ्याच बाकावर बसणारा. पाऊस सुरू झाल्यावर तो बांधावरच्या चिंचेखाली थांबला. तो गेला आणि एक बैलही गेला.

माणसं धावत गेली, पण बराच वेळ त्याला हात कुणी लावला नाही. वीज अंगात राहते, शिवलं की आपल्यालाही धरते, असं सगळे म्हणत होते. मी दुरून पाहिलं. त्याच्या खांद्यावर तांबूस नक्षी उमटली होती, बाभळीच्या फांदीची छाप पडावी तशी. दिवस मावळताना बायका आमच्या ओसरीवर जमल्या होत्या. आजी माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "ह्याच्यावरची त्याच्यावर गेली." ती हळू बोलली, पण त्याची आई खांबाला टेकून तिथंच बसलेली होती.

पुढच्या वर्षी मला परभणीला मामाकडं शिकायला ठेवलं. सुट्टीला गावी आलो तरी लाथा मारणं मी बंद केलं. माणसं आली की पाय दुखतोय म्हणायचो.

पुढचं थोडक्यात. औरंगाबादला बारावी, मग बँकेचं कर्ज, चार एकर गहाण, परवाना. वैमानिकाच्या वैद्यकीय तपासणीत फिट येतात का, रंग ओळखू येतात का, घरात कुणाला साखर आहे का, सगळं विचारतात. पायाळू आहात का, हे विचारत नाहीत. मी आपणहून सांगितलंही नाही.

पहिली वीज पडली तेव्हा मला को-पायलट होऊन दुसरं वर्ष चालू होतं. सप्टेंबरअखेर, परतीच्या पावसाचे दिवस, हैदराबादहून औरंगाबादला जाणारी संध्याकाळची फ्लाइट. विमान एटीआर ७२. दोन पंख्यांचं, सत्तरेक माणसांचं. मोठी जेट विमानं तीस-पस्तीस हजार फुटांवरून जातात, बरेचसे ढग त्यांच्या खाली राहतात. एटीआर सतरा-अठरा हजारांवरून चालतं, म्हणजे ऐन पावसाळ्यात ढगांच्या पोटातूनच. परळीच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसल्या तेव्हा अजून उजेड होता. मग माजलगावचं धरण, मग गोदावरी. नदीच्या वळणावरून आपलं गाव शोधायची मला सवय होती. त्या दिवशी नदीच्या पलीकडं ढगांची भिंतच उभी होती. माथा उन्हानं केशरी, खाली शाईसारखा काळा.

आमच्या रडारवर पाऊस रंगांत दिसतो. हिरवा म्हणजे साधा, पिवळा म्हणजे जोराचा, लाल म्हणजे तिकडं जाऊ नये असा. घनसावंगीच्या अंगाला दोन लाल डाग होते. आम्ही कंट्रोलकडून परवानगी घेतली आणि डावीकडून लांबचा वळसा घातला. वैमानिकांचा नियमच आहे की वादळी ढगापासून वीस नॉटिकल मैल, म्हणजे सदतीस किलोमीटर, लांब राहावं. लाल डाग लांब राहिले, पण वाटेत हिरवा पट्टा आलाच. उतरताना चौदा हजार फुटांवर होतो. बाहेरचं तापमान चार अंश.

आधी हेडफोनमध्ये खरखर सुरू झाली. तेलात मोहरी तडतडावी तशी बारीक, मग वाढत वाढत इतकी की कंट्रोलचं बोलणं ऐकू येईना. मग समोरच्या काचेवर निळ्या-जांभळ्या रेघा नाचायला लागल्या. एक रेघ फुटून दोन व्हायच्या, दोनाच्या चार. याला सेंट एल्मोची आग म्हणतात. खलाशांना ती जहाजाच्या डोलकाठीवर दिसायची, तेव्हापासूनचं नाव. नाव आगीचं असलं तरी ती जाळत नाही. विमानाच्या अंगावर विजेचा भार साठला आणि भोवतालची हवा ताणली गेली की ती अशी लुकलुकते. पुस्तकात वाचलेलं होतं. डोळ्यांपुढं मात्र बाभळीच्या फांद्या आल्या.

कॅप्टन जुने, हवाई दलातून आलेले, कमी बोलणारे. त्यांनी हात वर करून कॉकपिटमधले सगळे दिवे पूर्ण लावले आणि म्हणाले, "नीचे देखो." अंधारात बसलेल्या माणसापुढं वीज चमकली तर थोडा वेळ त्याला काहीच दिसत नाही. म्हणून आधीच उजेड करून ठेवायचा आणि नजर आत, काट्यांवर ठेवायची.

मी नजर खाली केली आणि सगळं पांढरं झालं. आवाज त्याच क्षणी आला. दिवाळीत आपण पत्र्याच्या डब्याखाली सुतळी बॉम्ब लावायचो ना, त्या डब्याच्या आत बसल्यासारखा. चेकलिस्ट मला नंतर आठवली. त्याआधी आजी आठवली.

कॅप्टन एकेक गोष्ट बोलत गेले आणि मी बघत गेलो. इंजिनं चालू. वीजपुरवठा चालू. इंधन ठीक. पडदे एकदा लुकलुकून जागेवर आलेले. होकायंत्राचा काटा काही अंश सरकलेला, बाकी सगळं जिथल्या तिथं. मागून एअर होस्टेसचा फोन आला, एक काका पंखाला आग लागली म्हणून उभे राहिलेत. कॅप्टननी घोषणा केली, विमानाला वीज लागून गेली आहे, विमान व्यवस्थित आहे, पट्टे बांधून बसा. पंचवीस मिनिटांनी आम्ही चिकलठाण्याला, म्हणजे औरंगाबादच्या विमानतळावर, उतरलो. उतरताना त्या काकांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. ते बीडचे होते. आमच्याकडच्या माणसाला विमान म्हटलं की २६ एप्रिल १९९३ आठवतं, चिकलठाण्याहून उडताना विमानाचं चाक बीड रस्त्यावरच्या कापसाच्या ट्रकला लागलं आणि ५५ माणसं गेली तो दिवस. त्यांचा हात थरथरत होता, आणि खरं सांगायचं तर माझाही.

इंजिनियर बॅटरी घेऊन आला. वीज लागली की टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या तांत्रिक नोंदवहीत, नोंद करावीच लागते आणि विमानाचं अंग नाकापासून शेपटीपर्यंत तपासल्याशिवाय ते पुन्हा उडत नाही. मी त्याच्या मागं मागं फिरलो. नाकाच्या मागं पत्र्यावर काळा ठिपका होता, अगरबत्तीनं चटका द्यावा तसा. हातभर मागं दुसरा. मग तिसरा. तो खडूनं प्रत्येकाभोवती गोल काढत गेला. शेपटीपर्यंत अकरा गोल झाले, आणि शेपटीच्या कडेला लावलेल्या काड्यांपैकी एकीचं टोक वितळून गेलेलं. बस, एवढंच. मी एका ठिपक्यावर बोट ठेवलं. तिळाएवढा.

चटके असे ओळीनं का पडतात, तर वीज एका जागी चिकटते पण विमान थांबत नाही. विजेचा खेळ अर्धा सेकंद चालला, तर तेवढ्यात उतरतं एटीआर साठेक मीटर पुढं गेलेलं असतं, आणि ते स्वतः सत्तावीस मीटर लांब. वीज जागच्या जागी, विमान तिच्याखालून सरकतं आणि ती उड्या मारत शेपटीपर्यंत पोचते. उभ्या माणसाच्या गालावरून धावत्या गाडीतल्या बाईचा पदर घासत जावा, तसं काहीसं.

आता आतल्या माणसांना काही का होत नाही ते. आमच्या गावात मी हे लाल एसटीवरून समजावतो. एसटीला पत्र्याची पेटी असते. वीज पडली तर ती पत्र्यावरून बाहेरच्या बाहेर जमिनीत जाते, आत बसलेल्याला धक्का बसत नाही. मायकेल फॅरेडेनं १८३६ मध्ये धातूचा पिंजरा करून हेच दाखवलं होतं. चारही बाजूंनी धातू असेल तर वीज धातूच्या बाहेरच्या अंगानं वाहते. विमान म्हणजे उडती एसटी. "चाकं रबरी असतात म्हनून वाचतो का?" असं हमखास कुणीतरी विचारतं. नाही. जी वीज आभाळापासून कित्येक किलोमीटर हवा फाडत आली, तिला टायरची वीतभर रबर काय अडवणार? आणि विमानाची चाकं तर तेव्हा पोटात असतात.

नव्या विमानांत मात्र पत्रा कमी झालाय. बोईंग ७८७ च्या वजनात निम्मा वाटा कार्बनच्या धाग्यांच्या मिश्र पदार्थाचा आहे, आणि तो पदार्थ ॲल्युमिनियमसारखी वीज वाहून नेत नाही. म्हणून त्याच्या कातडीत तांब्याची बारीक जाळी बसवतात. नाकाचंही तसंच. आत रडार असतं, नाक धातूचं केलं तर रडार आंधळं होईल, म्हणून ते काचतंतूंचं करतात आणि त्यावर धातूच्या पट्ट्या लावतात, विजेला वाट दाखवायला. शेपटीच्या आणि पंखांच्या कडेला ज्या काड्या दिसतात त्या वीज पकडायच्या सळया आहेत, असं बऱ्याच लोकांना वाटतं. त्यांचं काम वेगळं आहे. हवेच्या घर्षणानं अंगावर साठलेला भार त्या हळूहळू सोडतात, म्हणजे रेडिओत खरखर होत नाही. खरी वीज आली तर काडीच जळते. आमची जळली तशी.

पण ज्या गोष्टीनं मला रात्रभर झोप लागू दिली नाही ती वेगळीच आहे. प्रशिक्षणात ती मी वाचली होती, परीक्षेत लिहिलीही होती. विमानावर पडणाऱ्या दहातल्या नऊ विजा आभाळातून विमानावर पडतच नाहीत. विमान त्या सुरू करतं. ढगात आधीच ताण असतो, वर एक भार, खाली उलटा. एरवी तिथं त्या क्षणी वीज पडली नसती. मध्येच हे लांबलचक, टोकदार धातूचं धूड येतं, त्याच्या टोकांशी ताण एकवटतो, आणि नाकाकडून एक आणि शेपटीकडून एक अशा दोन ठिणग्या विरुद्ध दिशांना धावत सुटतात. त्या ढगातल्या भाराला जाऊन भिडल्या की झाली वीज. विमानानं बोलावलेली.

चिकलठाण्याजवळच्या हॉटेलात छताकडं बघत मी पडलो होतो आणि मनात येत होतं, म्हणजे पायाळू असतं ते विमान. आजीनं माझ्याबद्दल जे सांगितलं ते माझ्या बाबतीत खोटं आणि माझ्या वाहनाच्या बाबतीत अक्षरशः खरं. मला हसूही आलं आणि पुढं बराच वेळ दुसरंच काहीतरी झालं.

सरासरीनं बघितलं तर प्रवासी विमानाला वर्षातून साधारण एकदा वीज लागते. जास्त करून चढताना किंवा उतरताना, पाच ते पंधरा हजार फुटांमध्ये, पावसात, जिथं पाणी गोठायच्या बेतात असतं त्या पट्ट्यात. आमचे चार अंश आणि चौदा हजार फूट अगदी पुस्तकातले. आणि गंमत म्हणजे रडारवरचा लाल डाग टाळून हिरव्यातून जातानाही ती लागते. रडारला पाणी दिसतं, वीज दिसत नाही.

मग भ्यायचं कारणच नाही का? एके काळी होतं. ८ डिसेंबर १९६३ च्या रात्री अमेरिकेत एल्कटनजवळ एक बोईंग ७०७ उतरण्यासाठी आकाशात घिरट्या घालत थांबलं होतं. वीज लागली, पंखातल्या इंधनटाकीतली वाफ पेटली आणि सगळे ८१ लोक गेले. त्यानंतर टाक्या, त्यांची झाकणं, जोड, वाफ बाहेर सोडायची तोंडं, सगळ्यांचे नियम बदलले. टाकीभोवतीचा पत्रा जाड, जोड असे की ठिणगी आत उडणार नाही. १९७१ च्या नाताळच्या आदल्या दिवशी पेरूमध्ये एक विमान वादळात शिरलं, वीज लागली आणि ते हवेतच तुटलं. ९२ जणांतली एकच वाचली, सतरा वर्षांची युलियाने कोप्के. खुर्चीला बांधलेल्या अवस्थेत ती सुमारे तीन किलोमीटर खाली जंगलात पडली आणि अकरा दिवस चालत माणसांपर्यंत आली. हे मी पंगतीत सांगत नाही. एकदा सांगितलं होतं, तर नवऱ्यामुलाच्या आत्यानं मला वेगळं बोलावून विचारलं, जोडपं हनिमूनला विमानानं जायलंय, तिकीट रद्द करू का?

त्या आत्याबाईंना नासाची गोष्ट सांगायला हवी होती. १९८० च्या दशकात नासानं एक एफ-१०६ लढाऊ विमान मुद्दाम वादळी ढगांत पाठवलं. सातशेहून जास्त वेळा त्याला वीज लागली. आजची विमानं ज्या मापांवर तपासतात, त्यातलं बरंच त्या उड्डाणांतून आलं. विजेच्या वाटेत तापमान तीस हजार अंशांपर्यंत जातं, सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट. तरी विमानाच्या अंगावर तिळाएवढा चटका, कारण ती एका जागी थांबते किती, तर क्षणाचा तुकडा.

आम्ही वैमानिक विजेला फार घाबरत नाही. तिच्या घराला घाबरतो. त्या ढगात हवा पिसाटासारखी वर-खाली धावते. गारा काच आणि नाक ठोकून काढतात. धावपट्टीजवळ अशा ढगाखालून वारा एकदम खाली आदळतो आणि दिशा बदलतो, त्यानं विमानं पाडली आहेत. वीज दिसली म्हणजे हे सगळं जवळपास आहे, एवढं कळतं. आमच्या दृष्टीनं ती घंटा आहे.

दुसरी वीज मुंबईहून चढताना, जूनमध्ये, एअरबस ए३२० वर. उजव्या पंखाच्या टोकाला. माझ्या शेजारी नवा मुलगा होता. दिवे मी लावले, "खाली बघ" मी म्हणालो. सांगण्यासारखं एवढंच.

मधल्या काळात औरंगाबादहून कृत्रिम पावसाचे प्रयोग झाले, २०१५ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये. विभागीय आयुक्तांच्या कचेरीवर रडार बसवलं होतं. आम्ही ज्या ढगांना वळसा घालतो त्यांच्या तळाशी जाऊन, वर चढणाऱ्या हवेत क्षाराच्या नळकांड्या जाळायचं काम त्या वैमानिकांना होतं. त्यातल्या एकाशी चिकलठाण्याला चहा प्यायलो होतो. विजेबद्दल विचारलं तर म्हणाला, वीज परवडली, खालचे लोक विमान ढग पळवतं म्हणून शिव्या घालतात. गावी गेलो तर मलाही तेच ऐकवलं. "तुमची विमानं ढग हाकलायलीत." तहानलेल्या माणसाशी वाद काय घालायचा.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. मला हा प्रश्न विचारणारी माणसं विमानात क्वचित बसतात. बरीच जण बसलेलीच नाहीत. पण वीज त्यांच्यावर पडते. एकट्या २०२२ मध्ये देशात २,८८७ माणसं विजेनं गेली, ही सरकारी गुन्हे नोंद विभागाची संख्या आहे. त्यात शेतात काम करणारी माणसं, गुराखी, झाडाखाली थांबलेले पोरं-बाया. आमच्या भागात एप्रिल-मेचा वळीव आणि सप्टेंबर-ऑक्टोबरचा परतीचा पाऊस, हे दोन हंगाम. दुसरा नेमका सोयाबीन काढणीचा. तेव्हा माणसं रानात असतात, आणि रानात आडोसा म्हणजे झाड.

झाडावर वीज पडली की ती सगळी खोडातून जात नाही. शेजारी माणूस असेल तर झाडावरून त्याच्यावर उडी मारते, कारण ओलं माणूस तिला लाकडापेक्षा सोपं. उरलेली जमिनीत पसरते आणि पायांमधलं अंतर जितकं जास्त तितकी अंगातून जास्त जाते. बैलाच्या पुढच्या-मागच्या पायांत केवढं अंतर. म्हणून बैल माणसाआधी जातो. चिंच त्या बांधावर सगळ्यात उंच होती. तिच्याखाली कुणीही उभं असतं, डोक्यानं जन्मलेलं किंवा पायानं, तर तेच झालं असतं.

म्हणून मी प्रश्नाच्या उत्तराला शेपूट जोडतो, लोकांना आवडो न आवडो. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंदाला एक असे आकडे मोजा. तिनाला एक किलोमीटर. तिसाच्या आत आवाज आला तर काम टाकून निघा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत जाऊ नका. पक्कं घर, एसटी, जीप चालेल. उघडं ट्रॅक्टर चालत नाही, झाड तर नाहीच. काहीच जवळ नसेल तर झाडापासून लांब, पाय जुळवून उकिडवं बसा, आडवं झोपू नका, आणि घोळका करू नका. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं दामिनी नावाचं ॲप आहे, वीस ते चाळीस किलोमीटरच्या आत वीज होत असेल तर सांगतं. आमच्या गावात चार-पाच पोरांच्या फोनवर मी ते टाकून दिलंय.

आणि शिवा. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात वीज राहत नाही. त्याचं हृदय थांबलेलं असू शकतं. लगेच छाती दाबायला सुरुवात केली तर तो परत येऊ शकतो. खांद्यावरच्या त्या नक्षीला लिश्टेनबर्ग आकृती म्हणतात, ती काही तासांत आपोआप जाते. हे मला पस्तिसाव्या वर्षी कळलं. चिंचेखाली आम्ही किती वेळ नुसते उभे होतो, याचा हिशेब मी तेव्हापासून पुष्कळदा केलाय.

मागच्या दिवाळीत गावी गेलो होतो. मावशी, म्हणजे त्याची आई, आता घरकुलात राहते, पंच्याहत्तरीच्या पुढं गेली आहे. सालगडी वारून दहा वर्षं झाली. मी दर खेपेला जातो, उंबऱ्यावर पाच मिनिटं बसतो, चहा घेतो, निघतो. तिनं कधी विमानाचं विचारलं नव्हतं. सगळ्या गावानं विचारलं, तिनं नाही. यावेळी कप ठेवायला लागलो तर म्हणाली,

"का रं बापू, तुझ्या इमानावर ईज पडती म्हनत्यात."

"पडती, मावशी."

"मंग?"

वीस वर्षं पंगतीत सांगितलेलं उत्तर होतं माझ्याकडं. एसटी, पत्रा, तांब्याची जाळी. ते तोंडातून निघेना. आम्हाला काही होत नाही, हे त्या उंबऱ्यावर बसून कसं म्हणायचं?

"चटका बसतो," मी म्हणालो. "तिळाएवढा."

तिनं मान हलवली. बराच वेळ बाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "तुजी आजी म्हनली ते म्या ऐकलं व्हतं." मी मावशी म्हणून सुरुवात केली, चिंच उंच होती, तिथं कुणीही असतं तरी, असं काहीतरी बोलायला लागलो. तिनं हात केला. "ऱ्हाऊ दे. म्हातारी भ्यालेली व्हती."

नंतर ती भिंतीला धरून उठायला गेली आणि कण्हली. पाठीत चमक भरली होती, म्हणे चार दिवसांपासून. बाम लावून झाला, गोळी घेऊन झाली. मी परभणीला डॉक्टरकडं नेतो म्हणालो. ती ऐकत नव्हती. चटई ओढून तिनं पालथं अंग टाकलं आणि मान वळवून म्हणाली, "पाय लाव."

मी बूट काढला, मोजा काढला, दाराच्या चौकटीला हात धरला आणि हलकेच तिच्या पाठीवर पाय ठेवला.

"जरा वर," मावशी म्हणाली.